अनुभव धागा: विधी शिक्षण घेताना हाताळलेली मानवी हक्कांची प्रकरणे

बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20, तर तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, नसल्यामुळे विद्यार्थ्याला वकीलपत्र दाखल करता येत नाही. तरीही कच्चे कैदी (खटला प्रलंबित असलेले), वनहक्क दावेदार (कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागणारे) अशांच्या प्रकरणांत कागद वाचणे, त्यांना भेटणे आणि अर्जाचा मसुदा करणे ही कामे अनेक विद्यार्थी करतात. त्यातून काय शिकायला मिळाले, हे त्यांनीच सविस्तर लिहावे, ही विनंती.

पुणे, पाचवे वर्ष

महाविद्यालयाच्या विधी सहाय्य केंद्रातर्फे आम्ही कारागृहात जात असू. तेथे चोरीच्या गुन्ह्यातील एक बांधकाम मजूर भेटला. कित्येक महिन्यांपूर्वी जामीन मंजूर होऊनही तो आतच होता, कारण 15,000 रुपयांचा स्थानिक जामीनदार देण्याची अट होती आणि परराज्यातून आलेल्या त्या माणसाला शहरात मुकादमाखेरीज कोणीच ओळखत नव्हते. जामीन झाल्याचेही त्याला कोणी नीट समजावले नव्हते. आपली पुढची तारीख कधी आहे, एवढेच तो विचारत होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांनुसार, जामीन मिळालेला कैदी सात दिवसांत सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते, आणि महिनाभरात बंधपत्र सादर झाले नाही तर न्यायालय स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकते. हे निर्देश आम्ही वर्गात वाचले होते. अर्जात ते कोठे घालायचे, हे प्राधिकरणाच्या वकिलांनी शिकवले. पहिल्या परिच्छेदात जामीन मंजुरीची तारीख, आजची तारीख आणि मधले दिवस लिहा, घटनेचा अनुच्छेद 21 (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) त्यानंतर येऊ द्या, असे त्यांनी सांगितले. रोजनाम्याची (न्यायालयातील कामकाजाच्या नोंदीची) नक्कल जोडून त्यांनी अर्ज दाखल केला आणि वैयक्तिक मुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, त्या मजुराची सुटका झाली.

गडचिरोली, दुसरे वर्ष

माझे काम 2006 च्या वनहक्क कायद्याखालील फेटाळलेल्या दाव्यांचे होते. एका आजोबांच्या दाव्यावर ‘पुरावा अपुरा, उपग्रह प्रतिमेत शेती दिसत नाही’ असा शेरा होता. उपग्रह प्रतिमा इतर पुराव्याला पूरक असते, त्याची जागा घेऊ शकत नाही, असे या कायद्याखालील नियम 12अ सांगतो. नियम 13 मध्ये तर दावेदाराखेरीज इतर वृद्धांचे लेखी जबाब आणि जमिनीवरील बांधबंदिस्ती हेही पुरावे मानले आहेत. आम्ही शेतावर जाऊन बांधांची मोजमापे घेतली आणि गावातील दोन वृद्धांचे जबाब त्यांच्याच गोंडी-मिश्रित मराठीत लिहून त्यांना वाचून दाखवले. एका आजींनी मधेच थांबवून सांगितले की, तो बांध दावेदाराने नव्हे, त्याच्या वडिलांनी घातला होता. 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवायचा असताना ही दुरुस्ती फार मोलाची होती. अपिलासाठी निर्णयापासून 60 दिवस मिळतात, मात्र दावेदाराला निर्णय लेखी मिळालेलाच नव्हता. अपील अद्याप प्रलंबित आहे.

नागपूर, चौथे वर्ष

माझा अनुभव छोटा आहे. राज्य मानवी हक्क आयोगाकडे येणाऱ्या तक्रारींत मी प्रथम घटनेची तारीख पाहू लागले, कारण एक वर्षानंतर आयोगाला चौकशी करता येत नाही. मारहाणीच्या एका तक्रारीत ही मुदत संपत आली होती. घरच्यांनी जपून ठेवलेल्या रुग्णालयाच्या केसपेपरवरून घटनेची तारीख निश्चित करता आली.

जिल्हा न्यायालयातील वकील, माजी विद्यार्थी

पुण्याच्या अनुभवाला एक जोड देतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पूर्वी दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडायचे असते; फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही. ही संहिता लागू होण्यापूर्वीच्या, म्हणजे 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांतील कैद्यांनाही ती लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केले. मात्र एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही. म्हणून मुलाखतीत ‘दुसरी केस कुठे आहे का?’ हे विचारावे आणि उत्तर काहीही आले तरी कारागृहातील नोंद स्वतः पाहावी, कारण इतर ठाण्यांत आपल्यावर काय दाखल आहे, याची अनेक कैद्यांना कल्पनाच नसते.