शाळेतच हाताला काम शिकवणारे विषय : तुमचे अनुभव लिहा

एका मैत्रिणीची मुलगी यंदा नववीत गेली. शाळेत एका भाषेऐवजी हेल्थ केअर हा व्यवसाय विषय घेता येतो म्हणे. घरातले म्हणतात, हे मागे पडलेल्या मुलांसाठी असतं. मला ते अजिबात पटत नाही. टेक्निकल हायस्कूल, आयबीटी, अकरावी-बारावीचं एमसीव्हीसी (किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम) किंवा बायफोकल (सायन्ससोबत एक व्यवसाय विषय), यांपैकी काहीही केलं असेल तर इथे लिहा. नुसतं 'छान होतं' नको. काय शिकलात आणि पुढे ते कुठे कामी आलं, ते हवंय.
– रानजाई

माळावरची
आमच्या गावच्या शाळेत आठवी ते दहावी आयबीटी होतं, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. डॉ. कलबाग यांनी 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथून हा अभ्यासक्रम शाळाशाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस पुस्तकं बाजूला. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे चार विभाग, आणि मुलगे-मुली सगळ्यांनी सगळं करायचं. वेल्डिंगचा होल्डर मी तिथेच पहिल्यांदा हातात धरला. आईला ते कळलं तेव्हा ती शाळेत भांडायला आली होती, आणि आम्ही केलेली शेडच्या दाराची चौकट बघून गप्प परत गेली.

अर्थिंगचं सांगते. खड्डा खणून कोळसा-मीठ भरलं, प्लेट पुरली, तार वर आणली. मग सरांनी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावला. दिवा मिणमिणताच लागला. का? जमीन कोरडी, म्हणून रोध जास्त. पाणी ओतलं तसा उजेड वाढला. ओहमचा नियम पुस्तकात नंतर आला, तोवर तो आम्हाला दिसून चुकला होता. गावातल्या बायकांचं हिमोग्लोबिनही आम्ही तपासायचो. माझ्या स्वतःच्या काकूचं इतकं कमी निघालं की तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात नेलं. मी आज लॅब टेक्निशियन आहे, त्याची सुरुवात तिथली.

कानस
कोल्हापूर, टेक्निकल हायस्कूल, जुनी बॅच. लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने काटकोनात आणायचा. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडासमोर धरायचा, फटीतून प्रकाश दिसला की पुन्हा घासा. 'चालतंय की' हे वाक्य त्या शेडमध्ये चालायचं नाही. डिप्लोमाला गेलो तेव्हा इंजिनिअरिंग ड्रॉइंगला बाकीची मुलं रडकुंडीला यायची, आम्ही मात्र प्रोजेक्शन आठवीपासून काढत आलेलो. पुढे शिरोलीत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात लागलो. कास्टिंग हातात घेतलं की कुठे खोट आहे ते बोटांना कळतं, ती सवय शाळेची.

वायरमनदादा
एमसीव्हीसी, इलेक्ट्रिकल. बारावीनंतर काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 1986 च्या दुरुस्तीने आमच्यासाठी वेगळा वर्ग आला, टेक्निशियन व्होकेशनल. कारखान्यात वर्षभर अप्रेंटिस, दरमहा विद्यावेतन. घरात पहिला पगारासारखा पैसा माझाच आला. त्यानंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतला. म्हणजे वाट बंद होत नाही, हे त्या मैत्रिणीला नक्की सांगा.

खाडीकाठ
बायफोकलला फिशरीज होतं, 200 गुणांचं. सायन्सही सुटलं नाही. आज कोळंबीचं तळं सांभाळतो. पाण्यातला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो, हे अकरावीतच शिकलो होतो.

शिक्षिका_विदर्भ
मी हे विषय शिकवते, म्हणून थोडं कडू लिहिते. फायदा खरा आहे, पण कमी गुणांची मुलं तेवढी इकडे ढकलायची ही रीत त्याच्या मुळावर येते. अशी दोनच वर्षं गेली की मुलं स्वतःलाच कमी समजायला लागतात. मला वर्गातली पहिली मुलगी आणि शेवटच्या बाकावरचा मुलगा एकाच टेबलावर बोर्ड जोडताना हवे आहेत. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना म्हटलंय, तेही सगळ्यांसाठी आहे. दुसरं, कितीतरी ठिकाणी प्रशिक्षक कंत्राटी असतात आणि मानधन महिनोन्‌महिने रखडतं. चांगला माणूस मग टिकत नाही, आणि नुकसान मुलांचं होतं. हे बोललंच पाहिजे.

रानजाई
@शिक्षिका_विदर्भ, मनापासून आभार. मग नाव घालण्याआधी शाळेत नेमकं काय बघायचं?

शिक्षिका_विदर्भ
प्रॅक्टिकलच्या तासाला जा. कपाटातल्या वस्तूंवर धूळ आहे की मुलांच्या हाताचे डाग आहेत, ते बघा. बीपीचं यंत्र मुलं स्वतः लावतात की बाई दाखवतात आणि मुलं वहीत लिहून घेतात, तेही बघा. मुलांना प्रत्यक्ष रुग्णालयात कधी नेतात, हे थेट विचारा. उत्तर गोलमोल आलं तर दुसरी शाळा शोधा, विषय सोडू नका.