अतिनवताऱ्यांचे तेज सारखे नसते

अनेकदा असे म्हटले जाते की, 'आयए' (Ia) प्रकारचे सर्व अतिनवतारे (सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड स्फोट) सारख्याच तेजाने उजळतात आणि म्हणून त्यांचे अंतर थेट काढता येते. यात थोडी दुरुस्ती करणे मला आवश्यक वाटते, कारण या पद्धतीचे खरे सौंदर्य नेमके तिथेच आहे. खगोलशास्त्रज्ञ मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवून दिले की, मूळचा अधिक तेजस्वी असलेला अतिनवतारा अधिक सावकाश मंदावतो. त्यामुळे कमाल तेजानंतरच्या १५ दिवसांत त्याचा निळा प्रकाश किती घटला हे मोजले, की त्याच्या मूळ तेजाचा अंदाज बांधता येतो. वाटेतील धुळीमुळे आलेली लाली अर्थातच वेगळी वजा करावी लागते.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या स्फोटाची ताम्रसृती (रेडशिफ्ट, म्हणजे वाटेत प्रकाशाची तरंगलांबी किती प्रमाणात वाढली ते) ०.५ आहे, त्याच्या तेजाचा चढउतार विश्वाच्या प्रसरणामुळे आपल्याला दीडपट लांबलेला दिसतो, म्हणून मंदावण्याचा वेग ठरवण्याआधी हा ताण काढून टाकावा लागतो. पण हा ताण स्वतःच प्रसरणाचा थेट पुरावा आहे.

एवढ्या दुरुस्त्यांनंतरही १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजेच अधिक दूर आढळले. प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला आणि २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या गटांतील पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना त्यासाठीच मिळाले.