मदत हवी आहे: ज्यांनी काम शिकवलं, त्यांनाच चूक कशी सांगू?

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तीन महिन्यांपूर्वी सुपरवायझर झालो. हाताखाली एक मामा आहेत. 25 वर्षं यंत्रमागावर, मला काम त्यांनीच शिकवलं. हल्ली त्यांच्या मागावर तुटलेला धागा वेळेत दिसत नाही, टॉवेलात दोष निघतात. (नजर कमी झाली असावी, पण विचारणार कोण?) मालक म्हणतात, सगळ्यांसमोर झापा. मला नाही पटत. परवा बाजूला घेऊन बोललो, तर एरवी 'बाळा' म्हणणारे मामा म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगाल तसं." तो 'साहेब' लई लागला. मजुरी नगावर, म्हणजे नुकसान त्यांचंही. दोषांची वही दाखवून बोलू, की आधी डोळे तपासायला नेऊ? कुणी असं निभावलंय का?