मदत हवी आहे: बेंगल्सनी चेस नव्हे, सूएल घ्यायला हवा होता, हे पटवायचं कसं?

नदीकाठची

नमस्कार मंडळी. आधीच कबूल करते, अमेरिकन फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. सिनसिनाटीजवळ मेसनला राहून अकरा वर्षं झाली, घरात नारिंगी-काळे टीशर्ट ढीगभर आहेत, पण नवरा ओरडला की आपणही ओरडायचं, एवढंच माझं ज्ञान.

अडचण लेकाची आहे. आठवीत आहे. पुढच्या गुरुवारी वर्गात वादविवाद आहे. विषय असा: २९ एप्रिल २०२१ ची रात्र, क्लीव्हलंडला ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंची निवड, चालू आहे, आमच्या सिनसिनाटीच्या बेंगल्स संघाचा पाचवा नंबर आलाय. चेंडू झेलणारा जमार चेस घ्यायचा की चेंडू फेकणाऱ्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतला पनेय सूएल? चिठ्ठ्या टाकल्या आणि याच्या नशिबी सूएल आला. खोलीच्या दारावर चेसचं पोस्टर लावलेल्या पोराला चेसच्या विरोधात बोलायचंय! दोन दिवस धड जेवला नाही.

बाईंची अट अशी की त्या रात्रीपर्यंत जे माहीत होतं तेवढंच बोलायचं. नंतरचं काही काढलं की गुण कापणार.

मी त्याला सांगितलं, "आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी" यावर भाषण उभं कर. आदल्या मोसमात आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, जो बरो याचा गुडघा गेला तो पुढची फळी गळकी म्हणून, आणि हे चेंडू झेलणारा आणायला निघाले. त्याला ते आवडलं, पण म्हणाला, समोरचे म्हणतील गरज बघून नाही, सगळ्यात चांगला खेळाडू बघून निवडायचं असतं. यावर मी गप्प. गरज म्हणजे नक्की काय धरतात? आणि हा वाद अजून संपला कसा नाही? कुणी नीट समजावेल का?

रात्रपाळी

ताई, मी पुण्यात. रविवारी रात्री साडेदहाला सामने सुरू होतात आणि सोमवारी ऑफिसात डोळे मिटतात, अशी गेली आठ वर्षं काढली आहेत. माझ्या परीने सांगतो.

आधी ज्यांना आयपीएलच माहीत आहे त्यांच्यासाठी. इथे लिलाव नसतो. कॉलेजातून येणाऱ्या पोरांना ३२ संघ रांगेने उचलतात, सात राउंड. रांग साधारण उलटी, म्हणजे जो तळाला तो आधी. बेंगल्स २०२० मध्ये ४ जिंकले, ११ हरले, एक बरोबरीत, म्हणून पाचवे. पगारही जवळपास नंबरावर ठरतो. तेव्हा पाचव्या नंबरला चेस घ्या नाहीतर सूएल, पहिल्या चार वर्षांचा खर्च सारखाच. त्यामुळे "महाग पडला असता" हा मुद्दा कुणालाच वापरता येणार नाही.

आता आग खरंच रामेश्वरी होती का, ते बघू. बरो त्या मोसमात दहा सामने खेळला आणि ३२ वेळा सॅक झाला. सॅक म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला आडवा करणं. २२ नोव्हेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध डावा गुडघा गेला. तेव्हा आग होतीच. पण समोरचा हुशार असेल तर विचारेल, आग घराच्या कुठल्या खोलीत? त्या खेळीत ढकलला गेला तो गार्ड, म्हणजे आतल्या बाजूचा. (त्याचं नाव मायकल जॉर्डन. मी थट्टा करत नाहीये.) आणि सूएल टॅकल, म्हणजे कडेचा माणूस. डाव्या कडेला जोना विल्यम्स होता, २०१९ चा पहिल्या राउंडचा. उजव्या कडेला मार्चमध्येच रायली रीफ आणला होता. मग सूएल उभा कुठे राहणार?

याचं उत्तर लेकाकडे तयार हवं. उत्तर सोपं आहे: रीफ ३२ वर्षांचा आणि करार एक वर्षाचा. विल्यम्सचं पहिलं वर्ष खांद्याच्या दुखापतीत गेलेलं, दुसऱ्यातही तो पूर्ण खेळला नाही. एप्रिलच्या कागदावर जागा भरलेल्या दिसतात, पुढच्या एप्रिलला त्यातली एक तरी रिकामी. ड्राफ्ट या सप्टेंबरपुरता करत नाहीत.

तिखटमीठ

"सगळ्यात चांगला खेळाडू" हे संघवाले पत्रकारांना सांगायला ठेवतात. तसं खरंच असतं तर प्रत्येकाने गरज बाजूला ठेवून निवडलं असतं. ज्याच्याकडे क्वार्टरबॅक आहे तो पहिल्या दहात दुसरा क्वार्टरबॅक घेतो का?

रात्रपाळी

अटलांटाने २०२४ ला घेतला की. मार्चमध्ये कर्क कझिन्सला चार वर्षांचे १८ कोटी डॉलर कबूल केले आणि एप्रिलमध्ये आठव्या नंबरला मायकल पेनिक्स. अर्थात हे लेकाला वापरता येणार नाही, २०२१ नंतरचं आहे.

तिखटमीठ

बरं. हरलो. पण ते वेडेपणाचंच होतं.

ट्रॉयची_गाडी

मी डेट्रॉइटच्या बाजूचा, तिथल्या लायन्स संघाचा, म्हणून माझ्या बोलण्यात चिमूटभर मीठ घालून घ्या. सूएल पाचव्याला सुटला आणि सातव्याला आमच्या पदरात पडला, त्याबद्दल सिनसिनाटीकरांचे आभार. आणि त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या राउंडला, ११२ व्या नंबरला, आम्ही अमॉन-रा सेंट ब्राउन उचलला. त्याच्या एक जागा आधी, १११ ला, बेंगल्स होते. फळीही मिळाली आणि झेलणाराही. बोला!

सावरगावकर

गाडीवाले, अट वाचा. सेंट ब्राउन असा निघेल हे त्या रात्री तुमच्या संघालाही ठाऊक नव्हतं. असतं तर ११२ पर्यंत थांबले असते का?

नदीकाठची, तुमच्या प्रश्नाचं गाभ्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून लांब लिहितो.

लोक गरज म्हणजे भोक समजतात. इथे भोक आहे, तिथे बूच लावा. ते चूक आहे. मंडईत सकाळी सातला गेलात, घरी कांदाही नाही आणि हापूसही नाही. कांद्यावाचून जेवण अडतं, म्हणून आधी कांदा घ्यायचा का? कांदा अकरा वाजताही मिळेल, थोडा बारका. हापूसची पेटी एकच आहे, ती आठाला संपेल. म्हणजे मोजायचं ते हे: आत्ता घेतला तर काय मिळेल आणि नंतर घेतला तर काय उरेल, यातला फरक. हा फरक ज्या जागेला जास्त, ती जागा आधी. गरजही यात आली आणि गुणवत्ताही आली.

आता २०२१ ला लावा. बेंगल्सचा पुढचा नंबर ३८ वा. चेसच्या बाजूचे म्हणणार की त्या वर्षी टॅकलची रास मोठी होती, ३८ च्या आसपास चार-पाच जण मिळण्यासारखे होते. खरं आहे. टेव्हन जेंकिन्स ३९ ला गेला, वॉकर लिटल ४५ ला, सॅम कोस्मी ५१ ला. त्या रात्री नंबर ठाऊक नव्हते, पण रास दिसत होती. लेकाच्या विरुद्ध सगळ्यात धारदार मुद्दा हाच. रामेश्वर-सोमेश्वर यापुढे टिकणार नाही, माफ करा.

पण याला उलट वळवता येतं, आणि तेही बेंगल्सच्याच वहीतून. त्यांनी झेलणारे कुठून मिळवले? टायलर बॉइड २०१६ ला ५५ वा, दुसरा राउंड. टी हिगिन्स २०२० ला ३३ वा, तोही दुसरा. दोघेही चांगले निघाले आणि दोघेही त्या रात्री संघात होते. पहिल्या दहात घेतलेला जॉन रॉस, २०१७ चा नववा, त्याचं काय झालं ते तुमच्या नवऱ्याला विचारा; पोरासमोर विचारू नका, भाषा जपायची आहे. म्हणजे या संघाला दुसऱ्या राउंडमध्ये रिसीव्हर, म्हणजे झेलणारा, ओळखता येतो, हे सिद्ध झालेलं होतं. ज्याला बारक्या आंब्यातला गोड आंबा निवडता येतो, त्याने सकाळी सातला पेटीसाठी का धावावं?

नदीकाठची

सावरगावकर, हे फार छान. मंडईचं त्याला वाचून दाखवलं. आईची म्हण बाद झाली म्हणून खूश आहे. लगेच विचारलं, मग ए. जे. ग्रीन? तो तर २०११ चा चौथा, आणि तो खूप चांगला होता म्हणे.

सावरगावकर

पोरगा तयार आहे! हो, ग्रीन हे उलटं उदाहरण आहे आणि समोरचे ते काढतीलच. शिवाय ग्रीन नुकताच मार्चमध्ये ॲरिझोनाला गेला होता, म्हणजे रिसीव्हरचीही जागा रिकामी होती. हे लपवू नका, आधीच स्वतः सांगून टाकायचं. कबुली दिली की समोरच्याच्या हातातला दगड जातो.

झिपरी

मी जराशी मोडता घालते. दुसऱ्या राउंडला रिसीव्हर ओळखता येतो असं म्हणताय, पण त्याच वहीत फळीचं पान काढा. २०१५ ला पहिल्या राउंडला सेड्रिक ओबुएही आणि दुसऱ्याला जेक फिशर, दोन्ही टॅकल, दोन्ही फुकट. २०१८ ला सेंटर, म्हणजे फळीच्या मधोमधचा, बिली प्राइस, एकविसावा, तोही तसाच. म्हणजे या संघाला फळीतला माणूस ओळखता येत नाही. मग पाचवा नंबर अशा विषयात घालायचा, ज्यात हे सारखे नापास होतात?

तिखटमीठ

आई गं. हे पोराच्या बाजूचं की विरुद्ध?

झिपरी

दोन्ही, म्हणून तर मजा. विरुद्ध बाजू म्हणेल, यांना जमत नाही. लेकाने म्हणायचं: जमत नाही म्हणूनच! ओबुएही आणि प्राइस दोघेही २१ वे, फिशर ५३ वा. उरलेल्यातून हुडकायला गेले की हे फसतात. सूएलला हुडकावं लागत नव्हतं. २०१९ ला ओरेगन विद्यापीठाकडून खेळताना देशातला सर्वोत्तम लाइनमन म्हणून आउटलँड ट्रॉफी मिळालेली. ज्याला भाजीतलं कळत नाही त्याने निवडलेली, लेबल लावलेली जुडी घ्यावी. शेपू समजून बडीशेपेचा पाला आणणारा माणूस माझ्या घरात आहे, अनुभवाचे बोल.

रात्रपाळी

झिपरी, हा मुद्दा जिंकला.

ताई, एक उरलंच. समोरचे बरो-चेस दोस्तीवर बोलणार. २०१९ ला एलएसयूमध्ये, म्हणजे लुइझियानाच्या विद्यापीठात, दोघे एकत्र, राष्ट्रीय विजेतेपद, चेसचे १,७८० यार्ड आणि २० टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं). क्वार्टरबॅकला ज्याच्या पायांची सवय आहे तो माणूस मिळतोय, याला तोड नाही. इथे लेकाने भांडू नये. एवढंच म्हणावं की दोस्ती तेव्हाच कामाची, जेव्हा चेंडू फेकायला बरो उभा असेल. आणि २०२० चा मोसम चेस आणि सूएल दोघांनीही कोविडमुळे सोडला होता, तेव्हा "वर्षभर खेळला नाही" हा दगड दोघांनाही लागतो. तो उचलूच नये.

कोपऱ्यातला_बाक

तिसरी वाट कुणी काढली नाही. पाचवा नंबर विकून दोन पायऱ्या खाली यायचं. डॅलसचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याच्या काळापासून नंबरांची किंमत ठरवणारा तक्ता चालत आलाय, त्यात पाचव्याला १,७०० गुण आणि सातव्याला १,५००. फरकात तिसऱ्या राउंडमधला एखादा नंबर सुटतो. सातव्याला सूएल असेल तर दोन्ही हातात लाडू.

ट्रॉयची_गाडी

सातव्याला आम्ही होतो. आम्हीच विकत घेऊन पाचव्याला त्यालाच उचलला असता. तुमच्या हातात एक लाडू आणि डब्बा रिकामा.

सावरगावकर

आठवीच्या पोराला तिसरी वाट देऊ नका. पाच मिनिटं आहेत.

बाकी नंतरचं काय झालं ते ताईंच्या माहितीसाठी लिहितो, भाषणासाठी नाही. चेसने पहिल्याच मोसमात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले, संघ फेब्रुवारी २०२२ ला सुपर बोलला, म्हणजे अंतिम सामन्याला, गेला, २३-२० हरला. त्या सामन्यात बरो सात वेळा सॅक झाला, आणि त्याआधी टेनेसीविरुद्ध नऊ वेळा. रीफ डिसेंबरमध्येच जायबंदी झाला होता. दुसऱ्या राउंडला ३८ वरून ४६ ला उतरून घेतलेला जॅक्सन कारमन फळीत रुजला नाही. म्हणजे चेस बरोबर निघाला आणि आगही विझली नव्हती. दोन्ही खरं आहे, म्हणून हा वाद चालू आहे. सिनसिनाटीच्या कुठल्याही बारमध्ये आजही विचारा, चेसच म्हणतील. मीही चेसच म्हणतो. पण बाजू सूएलची मिळाली असती तर मला बोलायला जास्त मजा आली असती.

नदीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री त्याने भाषण लिहून काढलं. सुरुवात ग्रीनच्या कबुलीने, मग बॉइड-हिगिन्स-रॉस, मग झिपरीताईंची भाजीची जुडी (इंग्रजीत ती ब्रोकोली झाली आहे), आणि शेवटी रीफचा एक वर्षाचा करार. सराव नवऱ्यासमोर केला. रॉसचं नाव आलं तसा नवरा सोफ्यावरून उठून आत गेला.

पोस्टर गुरुवारपर्यंत उलटं करून ठेवलंय. काढलेलं नाही.

तिखटमीठ

निकाल कळवा ताई. आणि बडीशेपेच्या पाल्याचं पुढे काय झालं, तेही कुणीतरी सांगा.

झिपरी

पिठलं केलं. खाल्लं त्यानेच.