पुलाचा लाइनआउट (जमिनीवर आखणी) पहिल्यांदाच देतोय, सर्व्हेच्या दोन पिलरमधलं अंतर १० सेंमीने जुळत नाही

खुंटीवाला:
राम राम मंडळी. डिप्लोमा होऊन आठ महिने झालेत, आतापर्यंत रस्त्याचे क्रॉस सेक्शन आणि शेतमोजणी एवढंच केलंय. आता अमळनेरच्या बाजूला एका नदीवर पूल आहे, ६ गाळे ३० मीटरचे, म्हणजे ए१ ते ए२ (पुलाची दोन टोकं) १८० मीटर, आणि आमचे सिनियर सुट्टीवर गेल्यामुळे लाइनआउट माझ्या गळ्यात पडलाय. डीजीपीएसवाल्यांनी (उपग्रहावरून जागा काढणारे) यूटीएममध्ये (नकाशाची मीटरमधली चौकट) पिलर, म्हणजे सर्व्हेचे पक्के खुणेचे खांब, देऊन ठेवलेत. पी१ अलीकडच्या काठावर, पी२ पलीकडे. त्यांच्या कोऑर्डिनेटवरून अंतर निघतं २४१.३६ आणि टोटल स्टेशनने (कोन-अंतर मोजायचं मशीन) मारलं तर येतं २४१.४६. चार वेळा मारलं, मशीन अदलाबदल करून मारलं, तेच. साईटवरचे एक साहेब म्हणे मशीनमध्ये स्केल फॅक्टर (अंतराला गुणायचा आकडा) टाक, जुळून जाईल. टाकला आणि खरंच जुळलं, पण मला ते पटेना. सोमवारी जेसीबी येतोय, रात्री झोप नाही.

केळीची_बाग:
प्रिझम कॉन्स्टंट (समोर धरायच्या आरशाची ठरलेली दुरुस्ती) बघितला का भो? आणि दुपारी १ वाजता काम करत असशील तर सोडून दे, मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ मध्ये प्रिझम नुसता पाण्यात असल्यासारखा हलतो. बाकी साहेबांचं ऐक, जुळतंय ना मग टाक स्केल फॅक्टर न् हो मोकळा. घाबरू नको, बठ्ठं नीट व्हई जाई 😀

जुना_ओळंबा:
नका टाकू! आधी दूध का दूध करून घेऊ. प्रिझम कॉन्स्टंट चुकला तर साधारण ३० मिमीचा घोळ होतो, आणि तो अंतर कितीही असलं तरी तेवढाच राहतो. तापमान २० वर सेट असेल आणि बाहेर ४४ असेल तर २४० मीटरला ५-६ मिमी. दोन्ही मिळून पण १० सेंमी होत नाहीत. तुमच्याकडे तिसरा पिलर असेल तर पी१ पासून तो मारा आणि फरक सांगा.

खुंटीवाला:
सर पी३ आहे, अलीकडच्याच काठावर मागे. साधारण ९६ मीटर. फरक ४ सेंमी आला, इथेही कोऑर्डिनेटचं अंतर कमी.

जुना_ओळंबा:
मग झालं, २४१ ला १० आणि ९६ ला ४, म्हणजे फरक अंतराच्या प्रमाणात वाढतोय. चूक तुमची नाही आणि मशीनची पण नाही, ते यूटीएमचं आहे. आपण झोन ४३ मध्ये, त्याची मधली रेषा ७५ अंश पूर्व, आणि ती जाते अमळनेरच्या जवळूनच. मधल्या रेषेवर यूटीएम अंतर मुद्दाम ०.९९९६ ने आखडून दाखवतं, म्हणजे १०० मीटरला ४ सेंमी कमी, वरून उंचीचा थोडा हिस्सा. तुमचा आकडा ०.९९९५८ च्या आसपास येतो, काढून बघा.

आता साहेबांचा सल्ला. स्केल फॅक्टर टाकला की मशीन तुमचे पिअर (पुलाचे खांब) ३०.००० ऐवजी जमिनीवर ३०.०१२६ वर देईल. गाळ्याला १३ मिमी, सहा गाळ्यांत साडेसात सेंमी. स्क्रीनवर सगळं गोड दिसेल, पण गर्डर (पिअरवर बसणाऱ्या तुळया) यार्डात टेपने खऱ्या ३० मीटरच्या हिशोबाने ओतलेत, त्यांना यूटीएम कुठे माहितीये! आमच्या एका साईटवर (नाव नको) हे बेअरिंग (गर्डरखालच्या गाद्या) बसवताना कळलं आणि पेडेस्टल (त्यांच्याखालचे काँक्रीटचे ओटे) फोडावे लागले. म्हणून पी१ धरा, पी२ कडची फक्त दिशा घ्या, स्केल १, आणि अंतर तुम्ही मोजलेलं खरं २४१.४६. मग ए१ कोऑर्डिनेटने, तिथून पुढचे पिअर सेंटर लाइनवर खऱ्या मीटरने. अप्रोचच्या (पुलाला येणाऱ्या रस्त्याच्या) जोडाला काही सेंमी सरकेल, ते भरावात जातं. हे डिझाइनरला मेल करून लेखी होकार घ्या, तोंडी नको.

तापीकाठ:
ओळंबा सरांना अनुमोदन. माझी भर: पिअरच्या मधल्या खुंटीवर जीव लावू नको, ती जेसीबीच्या पहिल्या बकेटात जाते. प्रत्येक पिअरच्या अक्षावर वरच्या आणि खालच्या अंगाला दोन दोन रेफरन्स, खड्ड्याच्या बाहेर, म्हणजे मधे दोरी ताणून ओळंबा सोडला की सेंटर परत मिळतं. आणि हे काळ्या मातीत वरवर खुंट्या ठोकून नाही चालत. पाऊस पडला की फुगते, उन्हात भेगा पडतात, खुंटी बसल्या जागी सरकते. मुरूम लागेपर्यंत खड्डा घेऊन काँक्रीट कर. टीबीएम (उंचीची तात्पुरती खूण) खडकावर किंवा जुन्या मोरीच्या कठड्यावर घे, दोन काठांवर दोन, आणि लेव्हल नेऊन परत आणून क्लोज कर (सुरुवातीच्या आकड्याशी जुळव). नदीच्या आरपार एकच लांब साइट मारू नको, पात्र कोरडं आहे तोवर मधे मशीन लावून दोन्हीकडे सारखं अंतर ठेव. वाळूचे ट्रॅक्टर जिथून जातात तिथे तर काहीच ठेवू नको, गेल्या वर्षी माझे तीन पिलर एका रात्रीत गेले आणि गावात कुणालाच काही माहीत नाही!

केळीची_बाग:
बरं झालं माझं ऐकलं नाही 🙏 टेप चेक पण सकाळीच घे भो. स्टीलची ३० मीटर टेप २० अंशावर बरोबर असते, ४५ ला ८-९ मिमी लांबते.

खुंटीवाला:
सगळ्यांचे आभार. ०.९९९५८ च निघाला सर, तिन्ही पिलरांत. मेल टाकलाय. उद्या सकाळी ६ ला साईटवर, पी१ वरून सगळं लावून मग मशीन दुसरीकडे उभं करून परत तपासतो.

जुना_ओळंबा:
छान. पूल सरळ आहे का स्क्यू (नदीला तिरका)?

खुंटीवाला:
स्क्यू १५ अंश.

जुना_ओळंबा:
डावीकडे की उजवीकडे? आणि प्लॅनवरचा पाण्याचा बाण नदी जिकडे वाहते तिकडेच आहे ना?

खुंटीवाला:
... थांबा सर, ड्रॉइंग परत उघडतो.