अनुभव धागा: विषुवदिन, संक्रांत, शून्य सावली आणि समतेचे कार्यक्रम – मापं लिहा

२० मार्चचा विषुवदिन, १५ मेची शून्य सावली (मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर), २६ जूनचा सामाजिक न्याय दिन, डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस, संक्रांत. मुंबईत चाळींची मंडळं, शाळा, वाचनालयं या तारखांना समतेचा विषय जोडून काहीबाही करतात. बहुतेक ठिकाणी ‘निसर्ग समतोल साधतो, आपणही साधू या’ असं भाषण होतं आणि वडापाव वाटून मंडळी पांगतात. ज्यांनी हातानं काही मांडून दाखवलंय त्यांनी वेळा, मापं आणि काय फसतं ते लिहावं. आम्ही किती झटलो, हे कृपया नको.

सावलीमोज्या, परळ

गच्चीवर १ मीटरची सरळ काठी, ओळंबा, खडू, टेप. इतकंच लागतं. ओळंबा विसरू नका. काठी उत्तर-दक्षिण एक अंश जरी कलली तरी सावलीत जवळजवळ २ सेंमीची चूक येते.

पहिली चूक वेळेची. सगळे १२ वाजता जमतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि मुंबई ७३च्या जरा अलीकडे, त्यामुळे २० मार्चला इथला खरा मध्यान्ह १२:४६च्या सुमारास होतो. सव्वाबारापासून एकपर्यंत दर ५ मिनिटांनी टोकाला खूण करा. सर्वांत आखूड सावली ३४ सेंमीच्या आसपास येईल. २२ डिसेंबरला हीच काठी ९१ सेंमी सावली टाकते.

वेळ असेल तर सकाळी ९ पासून ४ पर्यंत खुणा करा. विषुवदिनी त्या एका सरळ पूर्व-पश्चिम रेषेत येतात, एरवी रेषा वाकते. मुलांच्या हातात दोरी देऊन ती खुणांवरून ताणायला लावा. दोरी सगळ्या खुणांना टेकली की वेगळं भाषण लागत नाही. सावलीची कड सेंटीमीटरभर धूसर असते, म्हणून काठीच्या टोकाला वायसर चिकटवा आणि त्याच्या भोकातून पडलेल्या ठिपक्यावर खूण करा. पाण्याच्या टाकीची सावली कुठवर सरकते ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

भूगोलवाली, मुलुंड

वरच्या कार्यक्रमात ‘आज दिवस-रात्र समान’ असा फलक लावू नका, खोटा आहे. मुंबईत २० मार्चचा दिवस १२ तास ६-७ मिनिटांचा असतो. सूर्योदय आपण बिंबाची वरची कड दिसली की धरतो आणि हवा बिंबाला अर्ध्या अंशानं उचलून दाखवते. घड्याळानं समान दिवस-रात्र १४ मार्चच्या आसपास येऊन गेलेली असते. म्हणजे समान कशाला म्हणायचं हे कुठल्या कडेपासून मोजता त्यावर ठरतं.

शाळेत याला जोडून सार्वजनिक शौचालयाची मोजणी करता येते. पुरुष आणि स्त्रियांना सारखंच क्षेत्रफळ दिलं की कागदावर समता झाली. पण त्याच जागेत पुरुषांकडे मुताऱ्या जास्त बसतात, स्त्रियांकडे फक्त शौचकूप, आणि प्रत्येकीला वेळही जास्त लागतो. रांग कुठे लागते हे सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम २०११ पासून हेच मांडते आहे. मोजणीचे रकाने: कूप किती, त्यातले चालू किती, आतून कडी लागते का, बादली-नळ, दिवा, आणि पैसे कोणाकडून किती. शेवटचा रकाना दोन्ही बाजूंना उभं राहून भरा. लघवीला पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, असं हमखास सापडतं. मोजणी सूर्यास्तानंतर, म्हणजे २० मार्चला सातनंतर करा. दिवसा गेलात तर दिव्याचा रकाना भरतच नाही.

वाचनालयातला, दादर

२० मार्च म्हटलं की महाड आलंच. १९२७ साली याच तारखेला डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. तक्त्यांत दोन घोळ नेहमीचे. मनुस्मृतीचं दहन त्याच वर्षी पण २५ डिसेंबरला झालं, ते मार्चमध्ये घुसवतात. दुसरं, तळं त्या दिवशी मोकळं झालं असं लिहितात.

आम्ही भिंतीवर कागदी पट्टी लावतो. १ वर्ष म्हणजे १० सेंमी. १९२३: रावबहादूर सीताराम केशव बोले. त्यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर. १० सेंमीवर, १९२४: महाड नगरपालिकेचा तळं खुलं करण्याचा ठराव. ४० सेंमीवर सत्याग्रह, मग मारहाण, आणि १०८ घागरी ओतून तळ्याचं ‘शुद्धीकरण’. १४० सेंमीवर, मार्च १९३७: तळं सगळ्यांना खुलं, हा उच्च न्यायालयाचा निकाल. २७० सेंमीवर, १९५०: अस्पृश्यता रद्द करणारं राज्यघटनेचं कलम १७. ठराव आणि निकाल यांच्यामधला कोरा कागद मुद्दाम कोरा ठेवा. कुणीतरी तिथे फुलांचं चित्र काढायला येतंच.

तिळवाली, गिरगाव

पाव किलो तीळ, पाव किलो चिक्कीचा गूळ, वाटीभर दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, वेलची. तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून वाटीत आपटला की टण् वाजला पाहिजे. चिकट राहिला तर लाडू बसतात, फार पुढे गेला तर वळायच्या आत दगड.

आता बोलावण्याचं. हळदीकुंकवाला विधवा बायकांना ‘तुम्हीही या हं’ म्हणून वेगळं सांगितलं की त्या येत नाहीत, कारण ते ‘ही’ ऐकू येतं. आमंत्रणावर ‘तिळगूळ समारंभ’ छापा, सगळ्यांना एकच चिठ्ठी. वाण दारातच, येईल त्या क्रमानं. करंडा कुणाच्या हातात देऊ नका, टेबलावर आरशाजवळ ठेवा. जिला हवं ती लावेल. लावणारी बाई उभी केली की तिचा हात एखादीपाशी थबकतो आणि सगळी मेहनत तिथे फुकट जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला होता, त्याचं कात्रण भिंतीवर चालतं. भाषण नको.

जाता जाता: उत्तरायण खरं २१-२२ डिसेंबरलाच लागतं. संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आणि मुंबईत सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला, सव्वासातच्या सुमारास. दिवस मोठा होत असतो, पण पहाटे कामाला निघणाऱ्या बाईला महिनाभर अंधारच दिसतो.

पाणपोईवाला, कुर्ला

१५ मे, दुपारी १२:३५. खांबाला सावलीच नाही, म्हणजे खांबाच्या आडोशाला बसणाऱ्या फेरीवाल्यालाही नाही. नाक्यावर पाणपोई लावायची तर २० लिटरच्या जारमधून २०० मिलीचे १०० पेले निघतात. साखर-मीठ पाणी: लिटरला ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. जारला साधारण अर्धा किलो साखर, ५० ग्रॅम मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका. उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकायचं. शेजारी साध्या पाण्याचा जार हवाच, मधुमेह-बीपीवाले असतात.

वाढायला माणूस ठेवू नका. तो नकळत काहींच्या ओंजळीत वरून धार सोडतो, काहींना पेला देतो. कंबरेच्या उंचीवर तोटी, ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं.

चौथी गल्ली

काठीचं वाचलं. आमच्या चाळीत दुपारचं ऊनच येत नाही, समोर ७ मजली झालीय.

सावलीमोज्या, परळ

मग तेच मोजा. ती इमारत तुमच्या दक्षिणेला आणि २१ मीटर उंच धरली तर २० मार्चच्या मध्यान्ही सावली ७ मीटर पडते, २२ डिसेंबरला १९. मध्ये १० मीटर अंतर असेल तर मार्चमध्ये सगळ्यांना ऊन, डिसेंबरात भिंतीवर १० मीटरपर्यंत सावली, म्हणजे तळमजला, पहिला, दुसरा पूर्ण गेला. खिडकीत कागद चिकटवा, दर १५ मिनिटांनी ऊन आहे की नाही खूण करा, खोली क्रमांक टाका. आठवडाभर रोज करा. एकाच दिवसाचा कागद दाखवलात तर ढग होते म्हणतील.