मदत हवी आहे : ‘कीलहॉर्न’ हे जर्मन आडनाव मूळचं कुठलं आणि किती विरळ?

शिलाटंक :
नमस्कार. पुण्यामुंबईत शिकवून गेलेल्या जर्मन संस्कृत पंडितांवर टिपण लिहिते आहे. डेक्कन कॉलेजात मार्टिन हाउग (१८५९ ते १८६६) आणि त्यांच्यानंतर फ्रान्त्स कीलहॉर्न (१८६६ ते १८८१), एल्फिन्स्टनमध्ये गेऑर्ग ब्यूलर. हाउग आणि ब्यूलर ही आडनावं कुठल्याही जर्मन नामकोशात सापडतात. कीलहॉर्न मात्र दोन कोशांत मिळालं नाही. पतंजलीच्या व्याकरण-महाभाष्याची तीन खंडांची आवृत्ती (१८८० ते १८८५) ज्यांनी काढली त्यांच्या आडनावाबद्दल टिपणात चार खात्रीच्या ओळी असाव्यात असं मनापासून वाटतं.
माझे प्रश्न :
१) नावाचा अर्थ काय? कील शहराशी संबंध आहे का?
२) त्यांचा जन्म १८४० मध्ये ओस्नाब्रूकला झाला. मग आडनाव तिथलंच मानावं का?
३) आज जर्मनीत या आडनावाची किती माणसं आहेत ते कसं काढायचं? तीन संकेतस्थळांवर तीन आकडे दिसतात.
४) आपल्या ‘कील’ (खुंटी, पाचर) शब्दाशी नातं आहे असं एकाने सुचवलं. ते टिपणात घ्यावं का?

उत्तरवारा :
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच होतो. प्रसिद्ध माणसाचं जन्मगाव म्हणजे आडनावाचं मूळ गाव नव्हे. तुमच्याच यादीतले ब्यूलर घ्या. ‘ब्यूल’ म्हणजे टेकाड, टेकाडावर राहणारा तो ब्यूलर. हे आडनाव दाट आहे ते नैर्ऋत्य जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये. पण गेऑर्ग ब्यूलर जन्मले उत्तरेत, हानोफरच्या राज्यातल्या बोर्स्टेल गावी, पाद्र्याच्या घरी. पाद्री, शिक्षक, सरकारी नोकर, सैनिक यांची घरं बदलीच्या गावी असत. उलट हाउग हे ह्यूगोचं जुनं दक्षिणी रूप, आणि मार्टिन हाउग जन्मलेही व्युर्टेम्बर्गमध्ये, बालिंगेनजवळच्या ओस्टडोर्फला. तिथे नाव आणि गाव जुळतं.
तेव्हा आधी नावाचा पसारा पाहा, अर्थ मग. पसारा पाहण्याआधी अर्थ ठरवला की माणूस त्या अर्थाला सोयीचीच गावं शोधत बसतो.
जर्मनीत आडनावांची सरकारी मोजणी नाही. अभ्यासकांचा मुख्य आधार म्हणजे २००५ सालच्या घरगुती टेलिफोन जोडण्यांची यादी : सुमारे २ कोटी ८० लाख जोडण्या आणि साडेआठ लाखांच्या आसपास वेगवेगळी आडनावं. जर्मन आडनावांचा नकाशासंग्रह याच यादीवर उभा आहे. माइन्त्सच्या अकादमीचा २०१२ पासून चालू असलेला डिजिटल आडनाव-कोशही तीच वापरतो आणि महाजालावर फुकट पाहता येतो. आजची फोनवही घेऊ नका, बऱ्याच घरांचे नंबर आता तिच्यात नसतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या फोनवह्यांच्या सीडीही टाळा : पूर्व जर्मनीत तेव्हा घरोघरी फोन नव्हते, त्यामुळे तिकडची नावं खोटी विरळ दिसतात.

शिलाटंक :
जोडण्यांवरून माणसं कशी काढायची?

उत्तरवारा :
२००५ मध्ये लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या आसपास, जोडण्या २ कोटी ८० लाख. म्हणजे एका जोडणीमागे साधारण २.९ माणसं. समजा एखाद्या आडनावाच्या २० जोडण्या आहेत, तर हिशेबाने ५८ माणसं येतात. पण टिपणात ‘पन्नास-साठ’ लिहा. विरळ नावाला सरासरी फार लागू पडत नाही, कारण २० घरांपैकी बारा घरं एकट्या म्हाताऱ्यांची असू शकतात. तुम्हाला तीन आकडे दिसले याचं कारणही हेच : एक संकेतस्थळ जोडण्या दाखवतं, दुसरं गुणून माणसं, तिसरं जगभरचा अंदाज. आकड्याखाली साल आणि ‘जोडणी की माणूस’ हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या.
नकाशे दोन प्रकारचे असतात, दोन्ही शेजारी ठेवून पाहा. निव्वळ संख्येच्या नकाशात बर्लिन, हाम्बुर्ग, हानोफर नेहमीच गडद दिसतात, कारण तिथे सगळीच आडनावं येऊन राहिली आहेत. दर दहा लाखांमागच्या नकाशात छोटे जिल्हे उगाच चमकतात : ५० हजार वस्तीच्या जिल्ह्यात चार माणसं असली तरी दर दहा लाखांमागे ८० होतात, आणि ३४ लाखांच्या बर्लिनमध्ये बारा असली तरी साडेतीनच. म्हणून एक चमकता जिल्हा म्हणजे उगम असं मानू नका. चार-पाच लागून असलेले जिल्हे हलकेच रंगलेले दिसले तर ते जास्त बोलकं.

जुनेदप्तर :
वरच्यात भर. २००५ चा नकाशा १९४५ नंतरच्या निर्वासितांनी आणि शहरांकडच्या ओढ्याने ढवळलेला आहे. एक पिढी-दोन पिढ्या मागे जायला उत्तम साधन म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन हानीच्या याद्या. मेलेले, जखमी, बेपत्ता, कैदी अशा सुमारे ८५ लाख नोंदी जर्मन संगणक-वंशावळी संघाच्या स्वयंसेवकांनी टंकून शोधण्याजोग्या केल्या आहेत, तेही फुकट. नावाबरोबर बहुतेकदा गाव असतं. ही माणसं जन्मली साधारण १८७० ते १९०० मध्ये, म्हणजे तुम्हाला त्या काळाचा नकाशा मिळतो.
मात्र नोंदी मोजू नका, गावं मोजा. एकच शिपाई आधी जखमी, मग बेपत्ता, मग दुरुस्तीत असा तीनदा येतो.
आणि ‘के’ अक्षराने शोधून थांबू नका. या याद्या फ्राक्टूर ठशात (जुन्या जर्मन वळणाच्या टोकदार अक्षरांत) छापलेल्या, त्यातला मोठा ‘के’ आणि मोठा ‘आर’ जुळ्या भावांसारखे दिसतात. ‘रीलहोर्न’ असं टंकलेलं सापडेल. शेवटचा ‘एन’ ‘यू’ म्हणून वाचला जातो. हस्तलिखित नोंदवह्यांत मधला ‘एच’ही फसवतो. ध्वनिसाम्य-शोधाने हे सुटत नाही : नावाच्या उच्चारावरून संकेत काढणाऱ्या साउंडेक्स पद्धतीत कीलहोर्नचा संकेत के४६५ आणि रीलहोर्नचा आर४६५. पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतात ना, म्हणून दुसरं हाती लागतच नाही. जर्मनीतल्या कोलोन पद्धतीत कीलहोर्न ४५७६ होतं, पण क्यूलहोर्न, केलहोर्न, काइलहोर्न हेही ४५७६ च. म्हणजे एकीकडे हवं ते निसटतं आणि दुसरीकडे नको ते गोळा होतं. त्यापेक्षा पहिल्या अक्षराच्या जागी तारांकन देऊन ‘*इएलहोर्न’ असा शोध घ्या (अर्थात रोमन अक्षरांत), मग आणखी एकदा शेवटचं अक्षर मोकळं ठेवून.

मळईकाठ :
अर्थाकडे येते. उच्चार ‘कील-होर्न’, ‘ह’ दुसऱ्या भागाचा. दोन्ही तुकडे प्लाटडॉइच या उत्तर जर्मनीतल्या बोलीतले आहेत आणि दोन्ही जमिनीचे शब्द आहेत.
प्रमाण जर्मनमध्ये पाचरीला ‘काइल’ म्हणतात. मध्ययुगाच्या अखेरीस दक्षिणेत आणि मध्य भागात लांब ‘ई’चा ‘आइ’ झाला, उत्तरेत तो ‘ई’च राहिला. त्यामुळे तिकडे पाचर म्हणजे ‘कील’. ‘होर्न’ म्हणजे शिंग, आणि शिवाराच्या बोलीत कोपरा किंवा पुढे घुसलेलं जमिनीचं टोक. ब्राउन्श्वाइगच्या उत्तरेला गिफहोर्न गाव आहे, त्यातला ‘होर्न’ हाच. दोन्ही जोडून : पाचरीच्या आकाराचा जमिनीचा कोपरा. अशा तुकड्याजवळ राहणाऱ्या घराला ते नाव चिकटलं, असं हे वाचन. माझ्या मते हेच सगळ्यात सरळ.
कील शहराचं नावही मुळात पाचरीसारख्या आत घुसलेल्या खाडीवरून आलं, म्हणून शब्द एकाच घरातला. पण आडनाव शहरावरून आलं असं त्यातून निघत नाही. शहरावरून आलेलं आडनाव ‘कील’ किंवा ‘कीलर’ असं होतं, त्याला ‘होर्न’ जोडायचं कारण नाही.
‘होर्न’ आणि ‘होर्स्ट’ यांत गल्लत नको. होर्स्ट म्हणजे झाडीची उंचवट्याची जागा, तो वेगळा शब्द.
शब्दांची खातरजमा शिलर आणि ल्युबेन यांच्या मध्य-निम्न-जर्मन (म्हणजे मध्ययुगीन प्लाटडॉइचच्या) कोशात करा (सहा खंड, १८७५ ते १८८१, महाजालावर फुकट). आडनावासाठी सर्वसाधारण कोश सोडा, त्यांत विरळ नावं गाळलेली असतात. ओस्टफालेन, म्हणजे हानोफर-ब्राउन्श्वाइग-हिल्डेसहाइमच्या टापूतल्या आडनावांवरचा रुडोल्फ त्सोडर यांचा दोन खंडांचा कोश (१९६८) ग्रंथालयातून मागवा. प्रादेशिक कोशात जुनी लेखनरूपं साल आणि गावासकट दिलेली असतात, आणि निकाल त्यांवरच लागतो. जुन्या नोंदीत ‘किल’ किंवा ‘कील’ सापडलं तर पाचर टिकते. ‘क्यूल’ (खड्डा) किंवा ‘केल’ (घळ) सापडलं तर अर्थ बदलावा लागेल.

शिलाटंक :
किती नेमकं सांगितलंत! मग संस्कृत ‘कील’?

धातुपाठ :
टिपणात घेऊ नका. संस्कृत आणि जर्मानिक भाषांतल्या व्यंजनांचा ठरावीक मेळ सांगणाऱ्या ग्रिमच्या नियमाला ते बसत नाही. जर्मानिक भाषांतल्या मूळच्या ‘क’समोर संस्कृतात ‘ज’ किंवा ‘ग’ येतो : जर्मन ‘क्नी’ (गुडघा) आणि संस्कृत जानु, जर्मन ‘योख’ (इंग्रजीत ‘योक’) आणि संस्कृत युग. संस्कृत ‘क’ किंवा ‘श’समोर तिकडे ‘ह’ हवा : शतम् आणि ‘हुंडर्ट’. त्यामुळे कील आणि ‘कील’ यांचं सारखेपण योगायोगाचं.
पण आडनावाच्या दुसऱ्या अर्ध्यात खरं नातं आहे. ‘होर्न’ आणि शृंग एकाच मुळातले : श समोर ह, अगदी नियमाने. सारखं दिसतं ते परकं आणि वेगळं दिसतं ते सख्खं. घ्यायचंच असेल तर हे घ्या, कीलहॉर्न ज्या तुलनात्मक परंपरेत शिकले तिला शोभेल.

जुनेदप्तर :
आता दप्तरांचा क्रम.
सगळ्यात आधी ‘नॉये डॉइचे बिओग्राफी’चा अकरावा खंड (१९७७, काफ्का ते क्लाइनफेर्शर) पाहा, महाजालावर आहे. या चरित्रकोशात प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला वंशावळीचा परिच्छेद असतो : वडील, आई, कधी आजे-पणजे, त्यांचे व्यवसाय. वडिलांचा व्यवसाय बदलीचा निघाला तर ओस्नाब्रूकचा प्रश्न तिथेच निम्मा मिटतो.
मग चर्चच्या नोंदवह्या. १८४० मध्ये तिथे सरकारी जन्मनोंद नव्हती. प्रशियात, म्हणजे तोवर प्रशियात गेलेल्या हानोफरातही, ती १ ऑक्टोबर १८७४ पासून सुरू झाली, आणि साम्राज्यात उरलेल्या ज्या भागांत ती आधीपासून नव्हती तिथे, ब्राउन्श्वाइग धरून, १ जानेवारी १८७६ पासून. ओस्नाब्रूक शहरात दोन्ही पंथ नांदत होते. प्रोटेस्टंटांची झांक्ट मारीएन आणि झांक्ट काटारीनेन, कॅथलिकांचं कॅथीड्रल आणि झांक्ट योहान. प्रोटेस्टंट वह्या आर्किऑन या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात, कॅथलिक वह्या माट्रिक्युलावर फुकट. पूर्ण नाव लोरेन्त्स फ्रान्त्स कीलहोर्न आहे, म्हणून केवळ ‘फ्रान्त्स’वर शोध घेऊन हात हलवत परतू नका. हाकेचं नाव पहिलंच असतं असं नाही.
त्या टापूतला मोठा सापळा म्हणजे वाड्याचं नाव. ओस्नाब्रूक आणि वेस्टफालियाच्या खेड्यांत आडनाव रक्ताबरोबर नव्हे, शेतवाड्याबरोबर जायचं. वारस मुलीशी लग्न करून वाड्यावर आलेला जावई वाड्याचं नाव घ्यायचा. नोंदीत ‘गेनान्ट’ (म्हणजे ‘ऊर्फ’) दिसलं की समजा हेच झालंय. तिथे नाव सारखं म्हणून नातेवाईक, असं धरता येत नाही.

उत्तरवारा :
आणि शिवाराचे नकाशे. इथेही प्रदेश बघून नकाशा निवडावा लागतो. कुरहानोफरची (हानोफरच्या जुन्या राज्याची) मोजणी (१७६४ ते १७८६, प्रमाण १:२१,३३३) ओस्नाब्रूकच्या बिशप-राज्यात झालेलीच नाही, ब्राउन्श्वाइगच्या डचीतही (ड्यूकच्या राज्यातही) नाही. ओस्नाब्रूकसाठी दु प्ला यांची मोजणी (१७८४ ते १७९०), ब्राउन्श्वाइगसाठी गेर्लाख यांचा नकाशा (१७६३ ते १७७५). चुकीच्या नकाशात नाव सापडलं नाही म्हणून ‘असं शिवार नव्हतंच’ असं लिहिणारे भेटतात, त्यातला प्रकार.
ब्राउन्श्वाइगचं नाव मुद्दाम घेतोय. मंदगतीने शिकणाऱ्या मुलांसाठी १८८१ मध्ये तिथे वेगळा शाळावर्ग सुरू करणारे शिक्षक हाइनरिश कीलहोर्न यांचं आडनाव हेच. एका माणसावरून उगम ठरत नाही, पण युद्धयाद्यांतली गावं तपासताना हार्त्स पर्वताच्या उत्तरेचा पट्टा आधी पाहावा इतकं त्यातून नक्की निघतं.

शिलाटंक :
एका ठिकाणी ‘कीलहॉर्न घराण्याचं कुलचिन्ह’ विकायला ठेवलेलं दिसलं. त्यावर गाव आणि साल छापलं आहे. आधार मानू का?

मळईकाठ :
मुळीच नको. जर्मनीत कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही, एखाद्या विशिष्ट घराला मिळतं. त्याच आडनावाच्या दुसऱ्या घराचा त्यावर हक्क नसतो, आणि असंख्य शेतकरी घरांना ते कधी नव्हतंच.
टिपणासाठी मी अशा ओळी सुचवेन : “कीलहोर्न हे उत्तर जर्मनीतल्या प्लाटडॉइच शब्दांपासून बनलेलं विरळ आडनाव. कील म्हणजे पाचर आणि होर्न म्हणजे जमिनीचं टोक, यांवरून ‘पाचरीसारखा कोपरा’ असा अर्थ लागतो.” त्यापुढे जोडण्यांचा आकडा २००५ हे साल घालून, आणि युद्धयाद्यांतल्या गावांचे जिल्हे. ओस्नाब्रूक हे फक्त जन्मगाव म्हणून द्या.

शिलाटंक :
आभार सगळ्यांचे. चरित्रकोश आणि युद्धयाद्या या आठवड्यात बघते. ‘आर’ने सुरू होणारी रूपं धरून गावांची यादी झाली की इथेच टाकते. जिल्हे लावायला मदत लागेल, १९१४ ची गावं आजच्या कुठल्या जिल्ह्यात गेली ते मला कळायचं नाही.

उत्तरवारा :
टाका. गावाच्या नावाबरोबर यादीत कंसात छापलेला जुना जिल्हाही उतरवून घ्या, कारण एकाच नावाची गावं ढिगाने आहेत. लोअर सॅक्सनीत १९७० च्या दशकात जिल्ह्यांची मोठी फेररचना झाली, कित्येक गावं जवळच्या मोठ्या गावात विलीन झाली. जुना जिल्हा हाताशी असेल तर संगणक-वंशावळी संघाच्या ऐतिहासिक गावकोशात आजचं ठिकाण मिनिटभरात मिळतं.